राख, स्लॅग आणि सिलिका फ्यूम: फेसाच्या ब्लॉकसाठी कोणती भुकटी घ्यावी

नागपूरबाहेर उमरेड रोडला आमचा सीएलसी म्हणजे फेस मिसळलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. सिमेंट, राख आणि पाण्याच्या पातळ गाऱ्यात यंत्रातून काढलेला फेस मिसळायचा, साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी साचा खोलायचा आणि मग पाणी मारत राहायचं, असं हे काम. एएसी म्हणजे वाफेत पिकवलेले हलके ब्लॉक बनवणाऱ्यांसारखा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेची बंद भट्टी, आमच्याकडे नाही. त्यामुळे ब्लॉकला जी काही ताकद येते ती सिमेंटमधून आणि त्याच्या जोडीला घातलेल्या खनिज भुकटीतून. एक घनमीटर मालाला आम्ही साधारण ३०० किलो सिमेंट घालतो आणि ४५० किलो राख. सिमेंटपेक्षा भुकटीच जास्त! तरी नवा कारखाना टाकणारे लोक पाहायला येतात तेव्हा फेसाच्या रसायनाची चौकशी तासभर करतात आणि राखेबद्दल फक्त भाव विचारतात. आम्ही आजवर वापरलेल्या भुकट्यांबद्दल जे कळलं ते त्यांच्यासाठी लिहितो आहे. घर बांधायला असे ब्लॉक घेणाऱ्यांनाही शेवटाकडचा भाग कामाचा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फेसाच्या ब्लॉकमध्ये भुकटीची पहिली परीक्षा तिची ताकद किती ही नाहीच. ती फेसाला जगू देते का, हे आधी बघायचं. दुसरी परीक्षा, आज आली तशीच ती पुढच्या महिन्यात येते का. या दोन्हींत पास झालेली साधी राख मी महागड्या भुकटीच्या आधी घेईन.

तर राखेपासून सुरुवात करू. आम्हाला कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही औष्णिक वीज केंद्रं जवळ. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जातं, त्यामुळे औष्णिक केंद्रातून राख डोंगरानेच निघते. धुरातली राख ईएसपी या धूर गाळणाऱ्या यंत्रात विजेच्या भाराने ओढून धरतात आणि खालच्या हॉपरमध्ये पाडतात. पुढच्या हॉपरमध्ये जाडसर राख पडते, मागच्यांमध्ये बारीक. विकताना ती बहुतेक वेळा एकत्रच येते. पण मागच्या हॉपरची कोरडी राख मिळाली तर तिचा फरक मिक्सरमध्येच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण मोहरीसारखे गोल दिसतात. असे गोल कण एकमेकांवरून घसरतात, म्हणून कमी पाण्यात गारा पातळ होतो. आमचा मिक्सरवरचा गडी वर्षानुवर्षं हेच काम करतो. त्याला प्रयोगशाळेच्या कागदाची गरज लागत नाही. नवी राख आली की पहिल्या घाण्यालाच तो सांगतो, "भाऊ, हे राख पानी लय पेते जी." तसं तो म्हणाला की समजायचं, राख जाड आहे, नाहीतर तिच्यात कोळसा राहिला आहे.

हा न जळलेला कोळसाच आमचा खरा शत्रू. राखेच्या कागदावर तो एलओआय म्हणजे लॉस ऑन इग्निशन या नावाने येतो. राख तापवली की जेवढं वजन जळून जातं तेवढा एलओआय. राखेच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३८१२ च्या पहिल्या भागात, त्याची मर्यादा ५ टक्के आहे. नेहमीच्या काँक्रीटला ४ टक्केवाली राख खुशाल चालते. फेसाच्या ब्लॉकला तीच राख त्रास देते, कारण कोळशाचे कण आतून सच्छिद्र असतात आणि फेसाचं रसायन स्वतःत ओढून घेतात. रसायन कोळशात गेलं की बुडबुड्यांची कातडी पातळ होते. ते एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. साच्यात काठोकाठ ओतलेला माल सकाळी दोन बोटं खाली गेलेला दिसतो. याला आम्ही 'माल बसला' म्हणतो. बसलेल्या ब्लॉकचं वजन वाढतं, उंची कमी होते, आणि आतली भोकं खाली बारीक, वर मोठी अशी दिसतात. असा ब्लॉक कुणाच्या भिंतीत देऊ नये.

हे टाळायला आम्ही बाटलीची चाचणी करतो. झाकणाची पारदर्शक बाटली घ्या. २० ग्रॅम राख आणि ५० मिलीलिटर पाणी घालून चांगलं हलवा. मग फेसाचं रसायन पाण्यात पातळ करून ड्रॉपरने थोडे थोडे थेंब टाका, दर वेळी १५ सेकंद हलवा आणि ४५ सेकंद बाटली स्थिर ठेवा. वरच्या पाण्यावर फेसाचा अखंड थर टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. काँक्रीटमध्ये हवा धरणारं रसायन वापरणारे लोक याला फोम इंडेक्स म्हणतात, आणि ती चाचणी आमच्या कामाला हुबेहूब लागू पडते. राखेची प्रत्येक गाडी उतरवण्याआधी ही बाटली हलवायची. नेहमीपेक्षा थेंब जास्त लागले तर गाडी परत. एका पुरवठादाराची गाडी अशीच परत केली होती. त्याचा ड्रायव्हर चिडला. पण त्या राखेचा रंगच नेहमीपेक्षा काळपट होता. बॉयलर सुरू करताना किंवा कमी भारावर चालवताना तेलाचा आधार देतात, तेव्हाची राख अशी येते. ती मिक्सरमध्ये गेली असती तर दिवसभराचा माल फुकट गेला असता.

राखेच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त अडचण वाटते ती सातत्याची. बंद पोत्यात वर्गीकरण करून विकली जाणारी राख महाग पडते, पण कागदावरचा आकडा आणि माल जुळतो. बल्करमधली, म्हणजे टाकीच्या गाडीतून येणारी राख स्वस्त, थेट सायलोत म्हणजे साठवणीच्या उंच टाकीत हवेच्या दाबाने चढते, धूळही उडत नाही. मात्र आज बारीक तर पुढच्या खेपेला जाड, असं होतं. आमचा मार्ग असा, की एकाच केंद्राच्या एकाच युनिटची राख मागायची आणि कागदावर तीन आकडे बघायचे: एलओआय, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेला भाग (मानकात तो ३४ टक्क्यांपर्यंत चालतो, आम्ही २० च्या आत धरतो), आणि ब्लेन बारीकपणा, म्हणजे किलोभर कणांचा एकूण पृष्ठभाग, जो किमान ३२० चौरस मीटर हवा. कागदावर तारीख आणि लॉट नसेल तर तो कागद घ्यायचाच नाही.

तळ्यातल्या राखेबद्दल दोन वाक्यं पुरेत. बंधाऱ्यातून हायवात भरून येणारी ओली राख आमच्या कामाची नाही. तिच्यात बॉयलरच्या तळाची जाड राख मिसळलेली असते आणि ओलावा रोज बदलतो. पाणी किती घालायचं हेच ठरत नाही, आणि जाड कण फेसातून खाली बसतात. राखेच्या विटा दाबून बनवणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. तिथे ती उत्तम चालते. आणि घ्यायलाच हवी असंही मला मनापासून वाटतं. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा राखबंधाऱ्याला भगदाड पडलं तेव्हा ती राख शेतांत आणि नाल्यांत गेली होती. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर करायची जबाबदारी औष्णिक केंद्रांवर टाकली आहे. भिंतीत बसलेली राख तरी कुणाच्या शेतात जात नाही.

राखेसोबत सिमेंट कोणतं, हा प्रश्न हमखास येतो. आम्ही ओपीसी ५३, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट घेतो. पीपीसीमध्ये कारखान्यातच १५ ते ३५ टक्के राख घातलेली असते. त्यात आणखी दीडपट राख घातली की चुना सोडणारं सिमेंट फारच थोडं उरतं, आणि राखेला ताकद द्यायला हवा तो चुनाच. सिमेंट पाण्याशी भिडून चुना सोडतं, राखेतली सिलिका त्या चुन्याशी सावकाश जुळते आणि कण चिकटवून धरणारा नवा डिंक तयार होतो. हे सगळं ओलाव्यावर चालतं. म्हणून राखेचा ब्लॉक पाणी न मारता वाळवला तर त्यात घातलेली बरीचशी राख नुसती भरताड म्हणून राहते. पाणी मारणं बंद करून लवकर माल उचलण्याची घाई जो कारखाना करतो, त्याला भुकटीचा दोष देण्याचा हक्क नाही.

आता स्लॅग. लोखंडाच्या झोतभट्टीतला वितळलेला मळ पाण्यात एकदम थंड करून दळला की जीजीबीएस होतं. आमच्याकडे ते छत्तीसगडच्या बाजूने येतं, कोकणातल्या लोकांना डोलवीहून. रंगाने जवळपास पांढरं, हाताला मऊ. राखेपेक्षा स्लॅग वेगळं वागतं, कारण त्यात स्वतःचा चुना असतो आणि सिमेंटचा थोडा अल्कलीपणा मिळाला की ते स्वतःच घट्ट व्हायला लागतं. कोळसा जवळजवळ नसतोच, त्यामुळे बाटलीच्या चाचणीत ते दर वेळी चांगलं येतं. आणि दर खेपेला तसंच येतं. सातत्याच्या बाबतीत मी स्लॅगला राखेच्या बऱ्याच वर ठेवतो.

पण एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. स्लॅग जड असतं. राख पाण्याच्या २.१ पटीच्या आसपास जड, स्लॅग २.९ पट. आमच्या एका घनमीटरच्या मालात ३०० किलो सिमेंट, ४५० किलो राख आणि ३२० लिटर पाणी घेतलं तर त्या सगळ्यांचं आकारमान सव्वासहाशे लिटर भरतं, आणि उरलेले पावणेचारशे लिटर फेस लागतो. राखेच्या जागी पूर्ण स्लॅग घातलं तर वजन तेवढंच राहून आकारमान साधारण साठ लिटरने कमी होतं आणि तेवढा फेस जास्त घालावा लागतो. फेस वाढला की रसायनाचा खर्च वाढतो आणि बुडबुड्यांमधल्या भिंती पातळ होतात. म्हणून राखेच्या जागी स्लॅग घालण्यात मला अर्थ वाटत नाही. सिमेंटचा चौथा हिस्सा काढून त्या जागी स्लॅग घालायचं, राख तशीच ठेवायची. यात ब्लॉकची बाहेरची बाजू गुळगुळीत येते, कडा कमी झडतात आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद खाली जात नाही.

उन्हाळ्यात हे मिश्रण फार छान चालतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, सिमेंट एकट्याने घाई करतं आणि स्लॅग त्या घाईला थोडी वेसण घालतं. थंडीत मात्र आम्ही ते बंद ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या आसपास असतात, आणि स्लॅगचा ब्लॉक सकाळी साचा खोलला की कोपरे सोडतो.

एका ठेकेदाराने स्लॅगचा ब्लॉक फोडून बघितला आणि घाबरून फोन केला, "अहो, आतून हिरवा-निळा कसा काय? कच्चा आहे का माल?" कच्चा नव्हता. स्लॅगमध्ये गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे ताज्या तुटक्या भागाला निळसर-हिरवी झाक येते. हवेत राहिल्यावर ती आपोआप जाते. विकताना आधीच सांगितलं की पुढचा फोन वाचतो.

सिलिका फ्यूम ही भुकटी मी मान देऊन वापरतो. फेरोसिलिकॉनच्या भट्टीच्या धुरातून ती मिळते आणि तिच्यात सिलिका ८५ टक्क्यांच्या वर असते. कण इतके बारीक की किलोला १५,००० चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग. सिमेंटचा साधारण तीनशे. ते कण सिमेंटच्या कणांमधल्या फटींत बसतात आणि बुडबुड्यांमधली भिंत खरोखर घट्ट करतात. सिमेंटच्या पाच टक्के एवढंच घातलं तरी ब्लॉक हातात वेगळा लागतो. ठोकला तर खणखणीत आवाज येतो. पण तेवढ्याच बारीकपणामुळे ती पाणी मागते. पाणी वाढवलं तर कमावलेली ताकद गेली. सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता गारा पातळ करणारं रसायन, घातला तर तो फेसाशी जुळतो का हे आधी वेगळं तपासावं लागतं, कारण काही प्लास्टिसायझर फेस मोडतात. शिवाय पोत्यात ती दाणेदार करून येते. ते दाणे सिमेंट घालण्याआधी पाण्यात नीट फोडले नाहीत तर ब्लॉकमध्ये पांढुरके ठिपके राहतात. भाव सिमेंटच्या कैक पट. साध्या आतल्या भिंतीच्या ब्लॉकला ही घालणं मला परवडत नाही आणि गिऱ्हाइकाला गरजही नाही. १२०० घनतेचा (म्हणजे घनमीटरला १२०० किलो), वजन पेलणारा ब्लॉक कुणी मागितला तरच काढतो. हाताळताना मास्क लावाच. ही धूळ डोळ्यांना दिसते त्यापेक्षा जास्त उडते.

मेटाकाओलिन म्हणजे ६५० ते ८०० अंशांवर भाजलेली चिनी माती. पांढरीशुभ्र, कोळसा नाही, फेसाशी भांडण नाही. ताकद लवकर येते आणि ब्लॉकवर पांढरा खार येणं कमी होतं. थंडीतल्या साचा खोलण्याच्या अडचणीवर तिचा चांगला उपयोग होतो. सिमेंटच्या पाच टक्के मेटाकाओलिनने जानेवारीतही सकाळी कोपरे शाबूत निघतात. महाग आहे, पण सिलिका फ्यूमच्या मानाने ती मिक्सरमध्ये खूप सोपी. राख सोडली तर मी जवळ कायम ठेवतो ती एकमेव भुकटी हीच.

आता ज्या भुकटीबद्दल लिहिताना मन जड होतं ती म्हणजे भाताच्या तुसाची राख. आमच्या पूर्वेला भंडारा-गोंदिया, भाताच्या गिरण्यांचा सगळा पट्टा. गिरणीच्या बॉयलरमध्ये तूस जळतं आणि राखेचे ढीग बाहेर पडून राहतात. तूस नीट, ठरावीक तापमानात जाळलं तर तिच्यात सिलिका ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत असते, सिलिका फ्यूमची गरीब बहीण म्हणावी अशी. ती आपली, जवळची, जवळपास फुकट. तिचा उपयोग व्हावा असं मला फार वाटतं. पण गिरणीच्या बॉयलरची राख काळी येते. बाटलीच्या चाचणीत थेंबांवर थेंब टाकले तरी फेसाचा थर टिकत नाही. कण आतून पोकळ आणि खरबरीत, त्यामुळे पाणीही खूप पितात. दळली तर थोडं बरं होतं, पण कोळसा दळून जात नाही. फेसाच्या ब्लॉकला ती नको. नेहमीच्या काँक्रीटला, पेव्हर ब्लॉकला, दळून आणि चाचणी करून जरूर वापरावी. गिरण्यांनी एकत्र येऊन जाळण्याचं तापमान सांभाळणारी भट्टी टाकली, तर विदर्भाला बाहेरून महागडी भुकटी आणावी लागणार नाही. ते ज्या दिवशी होईल त्या दिवशी पहिली गाडी मी घेईन.

परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट हे दोघे भुकटीपेक्षा हलक्या खडीसारखे. परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच, तापवल्यावर लाह्यांसारखी फुगलेली. ते डिंकात भाग घेत नाहीत. मिक्सरच्या पात्यांनी फुटतात आणि पाणी शोषतात. ब्लॉकमध्ये त्यांना जागा नाही. गच्चीच्या कामात मात्र त्यांचा उपयोग आहे. विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा सगळा बोजा स्लॅबवर टाकण्यापेक्षा हलक्या काँक्रीटचा थर, त्याला उतार आणि वर वॉटरप्रूफिंग हे नागपूरच्या उन्हात फार बरं पडतं. वरच्या मजल्यावर दुपारी झोपलेल्या माणसाला विचारा.

चुना आणि जिप्सम मी वापरत नाही, पण त्यांचं नाव घेतल्याशिवाय एएसीची गोष्ट सांगता येत नाही, आणि ती सांगायला हवी, कारण तिच्यावरून एक फसवणूक चालू आहे. एएसी १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये आलं. योहान आक्सेल एरिकसन याने चुना आणि भाजलेल्या शेल दगडाची भुकटी यांच्या गाऱ्यात ॲल्युमिनियमची पूड घातली. ती चुन्याशी भिडली की हायड्रोजन निघतो आणि गारा फुगून वर येतो. मग फुगलेला मऊ गोळा तारेने कापायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये सुमारे १८०-१९० अंशांच्या दाबाच्या वाफेत तासन् तास ठेवायचा. आज आपल्याकडचे बहुतेक एएसी कारखाने शेलच्या जागी आपलीच राख घालतात. चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि अगदी चिमूटभर ॲल्युमिनियम. त्या वाफेत टोबरमोराइट नावाचे स्फटिक तयार होतात आणि तेच एएसीची खरी कमाई. हलका असूनही तो मजबूत राहतो आणि वाळताना फारसा आकसत नाही. आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात ५५१ ते ६५० घनतेच्या पहिल्या प्रतीच्या एएसीला ४ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर ताकद मागितली आहे. आमच्या सीएलसीला लागू असलेल्या चौथ्या भागात ८०० घनतेला २.५, आणि १००० घनतेला ३.५. त्याच्याहून जड असूनही आम्हाला कमी ताकद धरली आहे, आणि ते बरोबरच आहे.

फसवणूक अशी की बाजारात काही लोक बिननावाची पांढरी भुकटी घेऊन येतात. 'ही घाला, ऑटोक्लेव्हशिवाय एएसीची ताकद.' तिच्यात काय आहे ते विचारलं की 'फॉर्म्युला गुपित आहे' असं उत्तर. अशी एक भुकटी आमच्याकडे नमुन्याला आली होती. घातल्यावर ब्लॉक पहिल्या दोन दिवसांत खरंच कडक झाला. अठ्ठावीस दिवसांनी ताकद आमच्या साध्या मालाएवढीच भरली. भुकटीने काम लवकर केलं, जास्त केलं नाही. साधा चुना-जिप्समचा वेग वाढवणारा मसाला असावा असं माझं मत. साध्या तापमानाला, वाफेच्या दाबाशिवाय, टोबरमोराइटचे तसे स्फटिक बनत नाहीत. कुठलीही भुकटी ती भट्टी पोत्यात बांधून आणू शकत नाही. ज्या पोत्यावर घटक लिहिलेले नाहीत ते पोतं मी कारखान्यात ठेवत नाही.

घटक लिहिलेले असावेत याला ताकदीपलीकडचंही कारण आहे. त्याच स्वीडनमध्ये १९२९ पासून ॲलम शेल नावाच्या दगडाचं एएसी बनत होतं. रंगावरून त्याला लोक निळं काँक्रीट म्हणत. त्या दगडात युरेनियम होतं, त्यामुळे ब्लॉकमधून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघत राहायचा. १९७५ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, पण ती घरं अजून उभी आहेत आणि तिथे आजही रेडॉन मोजावा लागतो. खनिज भुकटी कोणत्या खाणीची, कोणत्या भट्टीची, हे विचारणं म्हणजे किरकिर करणं असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

घर बांधणाऱ्यांसाठी थोडं. ब्लॉक विकत घेताना भुकटी तुम्हाला दिसणार नाही, पण तिचा परिणाम दिसतो. दोन-तीन ब्लॉक फोडून आत बघा. भोकं सारखी, बारीक आणि वरपासून खालपर्यंत एकसारखी हवीत. खाली दाट आणि वर मोठी भोकं म्हणजे माल बसलेला. ६०० बाय २०० बाय १५० मिलीमीटरचा ८०० घनतेचा कोरडा ब्लॉक सुमारे साडेचौदा किलो भरायला हवा. कारखान्यात काटा असतोच, समोर वजन करायला सांगा. ओला ब्लॉक जड भरेल, म्हणून वाळलेलाच घ्या. आणि ओतल्याची तारीख विचारा. अठ्ठावीस दिवस झाले नसतील तर घेऊ नका, कितीही स्वस्त देत असले तरी. ऑटोक्लेव्ह नसलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि भिंतीत गेल्यावर आकसला तर प्लास्टरला बारीक तडे जातात. गवंडी मग प्लास्टरला दोष देतो आणि मालक गवंड्याला.

कारखाना टाकणाऱ्यांना भाड्याचा हिशेब वेगळा करायला हवा. राख जेवढी स्वस्त तेवढा तिच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा. भुसावळ, परळी, चंद्रपूर, एकलहरे यांपैकी जे केंद्र जवळ असेल तिथूनच राख घ्या. दूरची चांगली राख आणण्यापेक्षा जवळच्या राखेची प्रत्येक गाडी तपासणं स्वस्त पडतं. कोकणात आणि मुंबईच्या बाजूला स्लॅगचा हिशेब राखेपेक्षा बरा बसण्याची शक्यता आहे. तिथे मी असतो तर सिमेंटच्या चौथ्या हिश्श्यावर न थांबता आणखी पुढे जाऊन पाहिलं असतं, कारण तिथे आमच्यासारखी थंडी नाही. सायलो नसेल तर पोत्यातली राख आणि मेटाकाओलिन लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब आणि पावसाळ्यात ताडपत्रीखाली ठेवा. जुलैच्या दमट हवेत राख गुठळ्या धरते आणि त्या गुठळ्या मिक्सरमध्ये सहजी फुटत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही मोठा साठा करत नाही, आणि आलेलं पोतं आधी आलं ते आधी वापरतो.